शेजार : सुकाळाचा आणि दुष्काळाचा

'जीवनकलह' हा शब्द मराठीत रुळला आणि त्याने वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे थोडे नुकसानच केले, असे माझे मत आहे. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्यातला जगण्यासाठीचा झगडा आपल्याकडे आला तो 'कलह' होऊन, म्हणजे भांडण होऊन. आणि भांडण म्हटले की दोन माणसे, एक बांध आणि तहसील कचेरी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. उत्तरपत्रिकांतून दरवर्षी हेच वाचावयास मिळते. एका जागी दोन रोपे आली की ती अन्न, पाणी व प्रकाश यांसाठी भांडतात, बळी तो कान पिळी, दुबळे मरते. या उत्तराला गुण द्यावेच लागतात, कारण ते खोटे नाही. परंतु डार्विनने त्याच प्रकरणात वाळवंटाच्या कडेला उभे असलेले एक रोपही दाखविले आहे. त्याचा झगडा शेजाऱ्याशी नाही, दुष्काळाशी आहे. पुढच्या पिढ्यांनी शेजाऱ्याशी चाललेला झगडा तेवढा उचलला आणि ते रोप तिथेच राहिले.

क्रोपोट्किन नावाच्या रशियन गृहस्थाने सैबेरियाच्या थंडीत प्रवास करताना हीच शंका घेतली होती. डार्विन वाचून तो तिथे भांडण शोधीत होता. त्याला दिसले ते बर्फापुढे एकमेकांना धरून राहणारे प्राणी. त्याचा ग्रंथ १९०२ साली निघाला. तो प्राण्यांविषयी आणि माणसांविषयी अधिक बोलतो. वनस्पतींच्या बाबतीत ही गोष्ट नीट मांडली जाण्यास १९९४ साल उजाडावे लागले. बर्टनेस आणि कॅलवे या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी असे सुचविले की, परिस्थिती सौम्य असेल तिथे शेजारची झाडे मुख्यतः स्पर्धक असतात आणि परिस्थिती जसजशी कठोर होत जाते तसतसे त्यांचे एकमेकांस साहाय्य वाढत जाते. पुढे २००२ साली कॅलवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील अकरा पर्वतीय ठिकाणी एक साधा प्रयोग केला. रोपाभोवतालचे शेजारी काढून टाकायचे आणि रोपाचे काय होते ते पाहायचे. पर्वताच्या खालच्या भागात शेजारी काढल्यावर रोप फोफावले. वर, जिथे थंडी आणि वारा यांचे राज्य, तिथे शेजारी काढल्यावर रोपाची दशा झाली. तेच काम, पण फळ उलटे.

हे पाहण्यासाठी पर्वत चढण्याची आपल्याला गरज नाही. बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर बसलेले आहे. गावाबाहेर जिथे जांभा उघडा पडला आहे, तिथे एप्रिलमध्ये पाय ठेववत नाही. त्या दगडावर कडुलिंबाची कोवळी रोपे कुठे दिसतात ते जाऊन पाहावे. मोकळ्या जागेत क्वचित. बोराटीच्या जाळीत मात्र हटकून. पाखरे बोराटीवर बसतात, निंबोळीची बी तिथेच पडते, काट्यांमुळे शेळीचे तोंड आत शिरत नाही, खाली पाचोळा साचतो आणि सावलीमुळे माती थोडी कमी तापते. पुढे कडुलिंब मोठा झाला की त्याच बोराटीवर त्याची सावली पडते आणि ती खंगत जाते. म्हणजे या कथेत उपकारही आहे आणि अपकारही, आणि दोन्ही एकाच जोडीत आहेत. 'मदत' हा शब्द मी पुढे वापरणार आहे तो एवढ्याच अर्थाने. झाडाला मन नाही. त्याच्या असण्याचा शेजाऱ्याला लाभ होतो किंवा होत नाही.

पण जांभ्यावरची बोराटी ही प्रस्तावना झाली. आमच्या भागात हा विषय खऱ्या अर्थाने आहे तो शेतात, आणि तोही तुरीच्या ओळीत.

भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांतील ज्या विद्यार्थ्यांच्या घरी शेती आहे, त्यांच्या आजोबांनी निव्वळ ज्वारी क्वचितच पेरली असेल. तिफणीने ज्वारी पेरीत जायचे आणि ठरावीक ओळींनंतर एक ओळ तुरीची घ्यायची. तिफणीमागे दोरीने बांधलेले सरते असे आणि बाई ते धरून त्यात तुरीचे दाणे सोडीत चाले. मधूनच मूग किंवा उडीद, कडेला अंबाडी, कुठे तीळ, कुठे कारळे. रब्बीत हरभऱ्यात जवस. ज्वारीच्या कडेने करडई, कारण तिचे काटे जनावराला आत येऊ देत नाहीत. कानडीत या मिसळ पेरीला 'अक्कडी' म्हणतात. जुन्या मराठीत 'इरवड' म्हणत, पण तो शब्द आता वर्गात उच्चारला तर विद्यार्थी एकमेकांकडे पाहतात. शब्द आधी गेला की पीक आधी गेले, हे कुणी तरी शोधून काढण्यासारखे आहे.

या पेरीला शिकलेल्या लोकांनी बराच काळ अडाण्याची पेर मानले. एका शेतात एक पीक, सरळ ओळी, मोजून खत, हे शास्त्रीय. आणि म्हाताऱ्याचे मिसळलेले शेत म्हणजे गोंधळ. हा समज मोडला तो आपल्या दाराशीच. बीदरहून हैदराबादेस जाताना पटनचेरू लागते. तिथे १९७२ साली कोरडवाहू पिकांसाठी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी ज्वारी आणि तूर या जोडीवर वर्षानुवर्षे काम केले. पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती आपल्या कोणत्याही शेतकऱ्याने सांगितली असती. तूर पहिले दोन महिने रेंगाळते. ज्वारी तेवढ्यात उंच होऊन, प्रकाश व पाणी घेऊन, साधारण साडेतीन महिन्यांत कणीस देऊन मोकळी होते. मग रान मोकळे झाल्यावर तूर जागी होते, खोल गेलेल्या मुळांनी उरलेली ओल घेते आणि पौषाच्या सुमारास शेंगांनी भरते. दोघींचे जेवण एकाच ताटात असले तरी वेळा वेगळ्या आहेत. त्यामुळे मिसळ शेतात ज्वारी जवळजवळ पूर्ण येते आणि शिवाय तूर अर्ध्याहून अधिक येते. तेवढेच धान्य वेगवेगळे पिकवायचे तर एका एकराला दीड एकराच्या आसपास जमीन लागावी, असा हिशेब निघतो.

परंतु मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा हिशेब. राव आणि विली यांनी १९८० साली ज्वारी-तुरीच्या चौऱ्याण्णव प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून एक निराळाच प्रश्न विचारला. उत्पन्न किती, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. शेतकरी बुडतो किती वेळा, हे त्यांनी पाहिले. ठरावीक रकमेहून कमी उत्पन्न आले तर ते वर्ष बुडीत धरायचे. उत्तर असे आले की निव्वळ तूर पाच वर्षांतून एकदा बुडेल, निव्वळ ज्वारी आठ वर्षांतून एकदा, आणि दोन्ही मिसळून पेरली तर छत्तीस वर्षांतून एकदा. मला वाटते, हे तीन आकडे आपल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. पाच, आठ, छत्तीस. छत्तीस वर्षे म्हणजे एका शेतकऱ्याचा जवळजवळ सगळा कर्तेपणाचा काळ. पुढे १९८६ साली नटराजन आणि विली यांनी पाणी कमी-अधिक देऊन ज्वारी-भुईमूग व बाजरी-भुईमूग या जोड्या तपासल्या, तेव्हा पाणी जसजसे कमी केले तसतसा मिसळ पेरीचा सापेक्ष लाभ वाढत गेला. सापेक्ष म्हणतो मी; दुष्काळात धान्य वाढते असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. दोन्हीकडे धान्य घटतेच. मिसळ शेतात ते कमी घटते.

इथे कुणी चिकित्सक विद्यार्थी विचारील की, यात मदत कुठे आहे? एक पीक गेले तर दुसरे हात-पाय पसरते. ही तर दोन पेढ्यांवर पैसे ठेवण्याची युक्ती झाली. शंका रास्त आहे. छत्तीस वर्षांच्या आकड्यातला मोठा भाग या युक्तीचाच असावा. पण सगळा नाही, आणि उरलेला भाग जमिनीखाली आहे.

बीदर, हुमनाबादकडची तांबडी माती लोहयुक्त आहे. त्या मातीत स्फुरद असतो, पण लोहाशी असा घट्ट बांधलेला की बहुतेक पिकांना तो असून नसल्यासारखा. पटनचेरूलाच काम करणाऱ्या जपानी व इतर शास्त्रज्ञांनी १९९० साली दाखवून दिले की तुरीची मुळे एक आम्ल सोडतात, पिसिडिक आम्ल, आणि ते लोहाला पकडून स्फुरद सोडवते. ज्वारीला ही विद्या येत नाही. तुरीने सोडवलेला स्फुरद तिची पाने व मुळे कुजून मातीत मिसळतो आणि त्याच शेतातल्या पुढच्या पिकाच्या वाट्याला येतो. भालकी-औरादच्या काळ्या मातीत मात्र स्फुरद लोहापेक्षा चुन्याशी बांधलेला असतो आणि तिथे ज्वारीचे तुरीवाचून फारसे अडत नाही. हा तपशील मी मुद्दाम देतो आहे. एकाच जिल्ह्यात, पंधरा-वीस कोसांच्या अंतराने, तोच शेजारी एकीकडे उपकारक आणि दुसरीकडे केवळ शेजारी. शेजाराचे गुण दोन झाडांत शोधून संपत नाहीत. मातीही विचारावी लागते.

नत्राविषयी मात्र आपल्याकडे जास्तच बोलले जाते. डाळवर्गीय पीक हवेतला नत्र घेते हे खरे. पण ते शेजारच्या ज्वारीला त्याच हंगामात भरभरून वाढते, हे तितकेसे खरे नाही. मिळते ते थोडे. मोठा वाटा तुरीची पाने गळून कुजल्यावर पुढच्या पिकाला मिळतो.

पाण्याची गोष्ट अधिक नवलाची. खोल मुळांचे झाड रात्री खालची ओल वर आणते आणि वरच्या कोरड्या मातीत ती थोडी झिरपते. तुरीतही हा गुण आढळला आहे. सेनेगलमध्ये गिएरा नावाच्या झुडपाजवळ पेरलेल्या बाजरीला हे पाणी पोहोचते, हे २०१८ साली खूण केलेले पाणी वापरून सिद्ध झाले. झुडूप हे दान म्हणून करीत नाही. रात्री पाने पाणी ओढीत नाहीत, कोरडी माती ओढते, एवढेच.

मर रोगाचे तसेच. ही बुरशी मातीत राहते आणि तुरीच्या मुळांतून शिरते. ज्वारीबरोबर पेरलेल्या तुरीत मर कमी होते, हे पटनचेरूच्या प्रयोगांतून १९८५ साली प्रसिद्ध झाले. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्याला तुरीचे कोठार म्हणतात. तिथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मरीला दाद न देणारा 'मारुती' हा वाण आपल्या राज्यात १९८६ साली आला आणि त्याने बराच काळ तारले. पण मैलोन्मैल तूर आणि तुरीला तूरच लागून, अशा रानात २०२२ च्या हंगामात मर आणि मूळकुज यांनी उभी पिके वाळवली. कानडीत त्याला 'नेटे रोग' म्हणतात आणि त्या वर्षी तो शब्द दोन्ही भाषांच्या वर्तमानपत्रांत रोज होता. ज्वारी असती तर हे टळले असते असे छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या वर्षी पाऊसही फार होता. मात्र बुरशीच्या वाटेत अडथळा घालणारी ओळ त्या शेतांत नव्हती, एवढे खरे.

शेजाराचे गोडवे गाताना त्यातली लबाडीही सांगितली पाहिजे. ज्वारीत टारफुला उगवतो. दिसायला साजरा, पण मुळांवर जगणारा चोर. त्याचे बी मातीत वर्षानुवर्षे निजून असते आणि मुळांतून सुटणाऱ्या एका द्रव्याच्या चाहुलीने जागे होते. हे द्रव्य १९६६ सालीच कळले होते. पण पिकाने आपल्या शत्रूला जागे करणारे द्रव्य सोडावेच का, याचे उत्तर २००५ मध्ये मिळाले. ती हाक मुळात टारफुल्यासाठी नसतेच. स्फुरदाची उपासमार झाली की मूळ मातीतल्या मित्र बुरशीला बोलावते, आणि ती हाक चोरही ऐकतो. म्हणूनच हलक्या, भुकेल्या जमिनीत टारफुला माजतो. कठीण काळात साहाय्य वाढते असे म्हणताना हे दुसरे टोक विसरू नये.

आणि वेडी बाभूळ. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या शमीखाली इतर वनस्पती चांगल्या वाढतात. तिच्याच कुळातल्या वेड्या बाभळीखाली भारतात फार थोड्या. पण तीच वेडी बाभूळ तिच्या मूळ देशात, व्हेनेझुएलात, शेजाऱ्यांना इतकी मारक दिसली नाही. ज्यांच्याबरोबर ती हजारो वर्षे वाढली त्यांना तिची सवय असावी. आपल्याकडे ती शेजारी म्हणून आली नाही, ती बसवली गेली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या जिल्ह्यात खरिपातली ज्वारी गेली आणि सोयाबीन आले. राज्यात सोयाबीन म्हटले की बीदरचे नाव पुढे असते. याबद्दल शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. सोयाबीन शंभर दिवसांत रोख पैसे देते, खरिपाच्या ज्वारीला काळी पडल्यावर कुणी विचारीत नाही, राखण करायला माणूस मिळत नाही. पुष्कळ शेतकरी आजही सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेतात, म्हणजे मिसळ पेरीची आठवण शिल्लक आहे. परंतु ही जोडी ज्वारी-तुरीसारखी नव्हे. दोन्ही डाळवर्गातली, आणि भाकरी व कडबा दोन्ही त्यात नाहीत. सोयाबीनवर चालणारे तणनाशक ज्वारीला चालत नाही, त्यामुळे मनात आले तरी मध्ये ज्वारीची ओळ घालता येत नाही. घरच्या शेतातून बैल गेला, कारण कडबा गेला. की कडबा गेला, कारण बैल गेला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

माझी तक्रार आहे ती आपल्या, म्हणजे शिकलेल्यांच्या, मोजण्याच्या पद्धतीविषयी. पिकाची परीक्षा आपण चांगल्या वर्षी घेतो. प्रात्यक्षिकाचे शेत पाणी असलेल्या जागी निवडतो, भरघोस उतारा आला की छायाचित्र काढतो, यशोगाथा छापतो. चांगल्या वर्षी शेजारी हा स्पर्धकच असतो, हे वर आलेच आहे. मग त्या परीक्षेत एकटे पीक पहिले येणार यात नवल ते काय? मिसळ पेर ज्या वर्षासाठी आहे, त्या वर्षी आपण शेतावर जातो ते पंचनाम्याला. १९७२ च्या दुष्काळात कुणाच्या शेतात चार पायल्या तूर आली आणि कुणाच्या शेतात काहीच नाही, हे लिहून ठेवलेले सापडत नाही; म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तेवढे सापडते. इथून जवळच, झहीराबादकडे, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रियांनी १९८० च्या दशकापासून हलक्या तांबड्या जमिनीत अनेक धान्ये एकत्र पेरण्याची रीत टिकवून धरली आहे. आपल्या महाविद्यालयाची सहल हम्पीला जाते, अजिंठ्याला जाते. त्या शेतांवर अजून गेलेली नाही.

म्हणून एक सूचना करतो, आणि ती या अंकाच्या कानडी विभागातही यावी अशी संपादकांना विनंती आहे. महाविद्यालयाच्या मागे पडीक जमीन आहे, तांबडी आणि उथळ. तिच्यात चार वाफे पाडावेत. निव्वळ ज्वारी, निव्वळ तूर, ज्वारीत तूर आणि सोयाबीनमध्ये तूर. पाणी द्यायचे नाही. पर्जन्यमापक बसवायचा. दरवर्षी दाणा तोलायचा, कडबा तोलायचा, मेलेली रोपे मोजायची आणि एका वहीत लिहायची. वाईट वर्षी पान कोरे सोडायचे नाही; त्या वर्षी अधिक लिहायचे. बी. एस्सी.चे विद्यार्थी तीन वर्षांत जातात, तेव्हा जाणाऱ्या वर्गाने वही येणाऱ्या वर्गाच्या हाती द्यायची. दहा-बारा वर्षांत एखादा खरा दुष्काळ या वहीत येईल, आणि मग आमच्या मातीविषयी बोलताना पटनचेरूचे आकडे उसने घ्यावे लागणार नाहीत.

खर्च थोडा आहे. तिफण अजून मिळते. सरते धरून सारखे दाणे सोडणाऱ्या बाया आमच्या खेड्यांत आहेत, परंतु मी ज्यांना विचारले त्या सगळ्या साठीच्या पुढच्या आहेत. येत्या मृगातच त्यांना बोलवावे लागेल.